कॉम्प्युटरचा आवाज मधेच जातो, मधेच येतो. नक्की कुठे बघायचं?

पाऊलवाट
नमस्कार मंडळी. घरच्या डेस्कटॉपच्या आवाजाने वैताग आणलाय, जाणकारांनी मदत करा प्लीज.
थोडी पार्श्वभूमी सांगते. हा कॉम्प्युटर बाबा वापरतात. त्यांची नजर जवळजवळ गेली आहे. ते एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर लावून काम करतात, स्क्रीनवर जे येईल ते तो बोलून दाखवतो आणि बाबा कीबोर्डवरून मेल, बातम्या, ऑडिओबुकं सगळं करतात. त्यामुळे माझ्याकडे आवाज गेला तर फार तर गाणं बंद पडतं, पण त्यांच्याकडे आवाज गेला की अख्खा कॉम्प्युटरच बंद पडल्यासारखा होतो. काही शोधताही येत नाही कारण शोधायलाही आवाजच लागतो.
आता त्रास काय तर कधी आवाज करकरतो, तुटक तुटक येतो आणि थोड्या वेळाने आपोआप ठीक होतो. कधी पूर्ण गायब होतो आणि रीस्टार्ट केल्याशिवाय येत नाही. आणि बाबा म्हणतात की वाक्याचा पहिला तुकडा बरेचदा गिळला जातो.
विंडोज ११ आहे. स्पीकर साधे, मागच्या हिरव्या जॅकला लावलेत. साउंडचा ड्रायव्हर (म्हणजे साउंडची चिप चालवणारा प्रोग्राम) काढून पुन्हा टाकून झाला. स्पीकर दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून बघितले, तिथे उत्तम चालतात. टेक्निशियन येऊन गेला, तो असेपर्यंत आवाज अगदी खणखणीत. त्याने तरी काय बघायचं?

रात्रपाळी
सरळ फॉरमॅट मारा, अर्ध्या दिवसाचं काम.

शून्य_एक
@रात्रपाळी, फॉरमॅट मारून तेच ड्रायव्हर तेच सेटिंग परत येणार, मग परत तेच रडगाणं. शिवाय स्क्रीन रीडर वापरणाऱ्या माणसाचा कॉम्प्युटर फॉरमॅट करणं म्हणजे त्यांचे सगळे शॉर्टकट, आवाजाचा वेग, उच्चारांची डिक्शनरी सगळं पुन्हा बसवणं. ते शेवटचा उपाय म्हणून ठेवा.

अवखळ
मला पण सेम प्रॉब्लेम, फक्त लॅपटॉपवर. वाचतोय.

टिंबटिंब
पाऊलवाट, तुम्ही तीन तक्रारी लिहिल्या आहेत आणि मला वाटतं गोची तिथेच आहे. करकर होणं, पूर्ण गायब होणं आणि सुरुवात गिळली जाणं ही एकाच रोगाची तीन लक्षणं नसून तीन वेगळे रोग असू शकतात. एक बरा केला तरी बाकीचे दोन दिसत राहतात आणि आपल्याला वाटतं काहीच फरक पडला नाही, मग केलेलं परत उलटं फिरवतो.
अधूनमधून येणाऱ्या बिघाडाला एकच गोष्ट उपयोगी पडते, नोंद. एक वही ठेवा. आवाज बिघडला की किती वाजता, काय झालं (करकर / गायब / सुरुवात गेली), त्या वेळी काय चालू होतं, घरात कोण काय करत होतं, एवढंच लिहायचं. आणि तोपर्यंत कुठल्याही सेटिंगला हात लावू नका. लावलाच तर एका वेळी एकाच.

जुना_खेळाडू
टिंबटिंब यांना जोरदार अनुमोदन. आवाज तुटतो म्हणजे साउंड कार्डाचाच दोष हा समज फार जुना आहे. पहिलं साउंड ब्लास्टर १९८९ मध्ये आलं. त्या काळच्या कार्डांना पोर्ट २२०, आयआरक्यू (म्हणजे प्रोसेसरला हाक मारायची लाइन) ५ किंवा ७, डीएमए १ असं सगळं हाताने सांगावं लागायचं, विंडोजच्या आधीच्या डॉसच्या ऑटोएक्झेक फाइलमध्ये एक ओळ लिहून. आणि प्रिंटरचा पोर्टही बहुतेक मशीनवर आयआरक्यू ७ च धरून बसलेला असायचा. मग दोघांची मारामारी. लोक कार्ड बदलत बसायचे आणि कारण बसलेलं असायचं प्रिंटरच्या पोर्टात. तेव्हा आवाजाचं दुखणं आवाजाच्या बाहेर शोधा.

रात्रपाळी
काका, आयआरक्यू हा शब्द कित्येक वर्षांनी ऐकला. ही सेटिंग बदलायला कार्डावरची छोटी टोपी, म्हणजे जंपर, काढून बसवायचे ते पण आठवलं.

जुना_खेळाडू
हो, आणि तो इवलासा जंपर हातातून निसटला की कॅबिनेटच्या तळाशी शोधायचा. पण चालू द्या, धागा भरकटायला नको.

मंद्रसप्तक
मी घरी रेकॉर्डिंग करतो त्यामुळे करकरीशी माझी जुनी दुश्मनी आहे, त्यावर जरा सविस्तर लिहितो.
साउंड कार्डाला सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने, म्हणजे बारीक तुकडे, लागतात (सीडीच्या दर्जाला ४४,१००). ते एकेक करून पाठवत नाहीत, गठ्ठ्याने पाठवतात. विंडोजमध्ये हा गठ्ठा साधारण १० मिलिसेकंदांचा असतो, म्हणजे ४८० नमुने. पुढचा गठ्ठा वेळेवर पोचला नाही की त्या क्षणी कार्डाकडे वाजवायला काहीच नसतं आणि आपल्याला 'टक्' किंवा 'कर्र' ऐकू येतं. सतत उशीर होत राहिला तर आवाज रोबोटसारखा तुटक होतो.
आता उशीर का होतो? लोक टास्क मॅनेजर उघडून बघतात, प्रोसेसर जेमतेम वापरात दिसतो आणि म्हणतात लोड तर नाहीये. पण प्रश्न लोडचा नसतोच. ड्रायव्हर मंडळी आपली तातडीची कामं एका खास रांगेतून करून घेतात, त्याला डीपीसी म्हणतात, आणि ती कामं साध्या प्रोग्रामांच्या वरची असतात. एखादा ड्रायव्हर तिथे काही मिलिसेकंद अडून बसला की प्रोसेसरच्या त्या भागावर (कोअरवर) आवाजाचं काम ताटकळत राहतं. सरासरी लोड ५ टक्के असला तरी आवाज तुटणार तो तुटणारच.
हे पकडायला लेटन्सीमॉन नावाचा प्रोग्राम आहे, घरगुती वापराला फुकट मिळतो. तो चालू करून ठेवायचा आणि करकर ऐकू आली की बघायचं कुठल्या ड्रायव्हरच्या नावापुढे मोठा आकडा आलाय. बहुतेक वेळा त्यात नेटवर्कचा ड्रायव्हर, ग्राफिक्सचा ड्रायव्हर किंवा लॅपटॉप असेल तर बॅटरी आणि पॉवर सांभाळणारा ड्रायव्हर निघतो. साउंडचा ड्रायव्हर क्वचितच. म्हणून पाऊलवाट, तुम्ही साउंडचा ड्रायव्हर पुन्हा टाकून फरक पडला नाही यात मला नवल वाटत नाही, जखम मांडीला आणि मलम शेंडीला असा तो प्रकार होतो बरेचदा.
वायफाय वापरता का? असेल तर करकर सुरू झाल्या झाल्या वायफाय बंद करून बघा. लगेच थांबली तर निम्मं उत्तर मिळालं.

शून्य_एक
लेटन्सीमॉनबद्दल एक जोडतो. त्याने लाल अक्षरात काही लिहिलं म्हणून लगेच घाबरू नका. काही मशीनवर प्रोसेसर पॉवर वाचवायला झोपतो आणि उठताना आकडे वर जातात, कानाला मात्र काही जाणवत नाही. ऐकू आलेली करकर आणि वर गेलेला आकडा एकाच वेळी आले तरच तो पुरावा धरायचा.

कोरा_कागद
आवाज गायब होण्याबद्दल. विंडोजच्या जुन्या साउंड पॅनेलमध्ये 'कम्युनिकेशन्स' नावाचा टॅब आहे. त्यात मुळातच असं सेटिंग असतं की कॉल सुरू आहे असं वाटलं की बाकीचे आवाज ८० टक्क्यांनी खाली आणायचे. तिथे 'डू नथिंग' करा. आमच्याकडे याच एका गोष्टीने कटकट मिटली. व्हिडिओ कॉलचा प्रोग्राम नुसता मागे उघडा असला तरी गाणी कुजबुजायला लागायची.

अवखळ
@कोरा_कागद, कमी होणं वेगळं आणि पूर्ण जाणं वेगळं ना? त्यांचा पूर्ण जातोय.

कोरा_कागद
बरोबर आहे, पण पूर्ण गेला म्हणणारे बरेचदा फार कमी झाला असंच सांगत असतात. विचारून घ्यायला काय हरकत आहे. स्पीकर पूर्ण वाढवून पुसटसं तरी ऐकू येतं का बघा.

हिरवी_वही
या धाग्यावर लिहिणं मला भागच आहे. मी स्वतः पूर्ण दृष्टिहीन आहे आणि हा धागा एनव्हीडीएवरच वाचतोय.
आधी तुमच्या तिसऱ्या तक्रारीबद्दल बोलतो कारण बघणारे लोक ती सगळ्यात किरकोळ समजतात आणि आमच्यासाठी ती सगळ्यात घातक आहे. नोटपॅडसारख्या प्रोग्राममध्ये फाइल बंद करताना विचारतो ना, सेव्ह करायचं का? तिथे एक बटण 'सेव्ह' आणि शेजारचं 'डोन्ट सेव्ह'. आता दुसऱ्याची सुरुवात गिळली गेली तर मला ऐकू काय येतं? 'सेव्ह'. मी एंटर मारणार आणि दोन तासांचं लिखाण गेलं. हे काल्पनिक नाही, आमच्यातल्या अनेकांनी भोगलंय.
कारण असं की आवाज थांबल्यावर काही सेकंदांनी साउंडची चिप पॉवर वाचवायला झोपते. पुढचं वाक्य आलं की तिला जागं व्हायला क्षणभर लागतो आणि तेवढ्यात वाक्याचं तोंड निघून गेलेलं असतं. गाणं किंवा सिनेमा एकसलग वाजतो त्यामुळे तिथे हे कळतच नाही. स्क्रीन रीडर मात्र एक शब्द बोलणार, थांबणार, परत एक बोलणार. ब्लूटूथ हेडफोनवर तर हे फारच होतं.
उपाय: एनव्हीडीएच्या सेटिंगमध्ये ऑडिओ विभागात जा. बोलणं संपल्यावर डिव्हाइस किती वेळ जागं ठेवायचं असा एक पर्याय आहे. तिथे शून्य असेल किंवा आकडा फार लहान असेल तर वाढवा. हा पर्याय नवीन आवृत्त्यांमध्ये आहे, जुनी असेल तर आधी अपडेट करून घ्या, एनव्हीडीए मोफतच आहे.
दुसरं, त्याच विभागात आउटपुट डिव्हाइस 'डिफॉल्ट' वर सोडू नका, तुमच्या स्पीकरचं नाव निवडून ठेवा. हे का ते खाली विचारलंत तर सांगतो, टाइप करून बोटं दमली.

पाऊलवाट
हिरवी_वही, मनापासून आभार. डोन्ट सेव्हचं वाचून अंगावर काटा आला, कारण बाबांचं अगदी असंच एक मोठं पत्र गेलं होतं आणि आम्ही सगळे त्यांना म्हणत होतो की तुम्हीच चुकीचं बटण दाबलं असेल. आता हे त्यांना वाचून दाखवलं.
बाकी मंडळी, वायफायच आहे. वही आजपासून सुरू.

निमिष
पाऊलवाट, बाबांची बाजू घेणारा कोणीतरी भेटला हे फार बरं झालं.

सुतारपक्षी
सगळे सॉफ्टवेअरवर बोलतायत म्हणून मी हार्डवेअरवाला बोलतो. माझं काम दुरुस्तीचंच आहे. आवाज चालू असताना जॅकपाशी पिन हलकेच गोल फिरवून बघा. खरखर आली किंवा एकाच बाजूचा आवाज गेला तर सॉकेटची पत्ती सैल झाली आहे किंवा बोर्डावरचं सोल्डरिंग सुटलंय. मागच्या सॉकेटऐवजी पुढच्याला लावूनही बघा. पुढची सॉकेटं आत एका वेगळ्या केबलने बोर्डाला जोडलेली असतात, त्यामुळे मागचं खराब आणि पुढचं चांगलं किंवा उलटं असं अगदी सहज होतं.
स्पीकरचा आवाजाचा खटका फिरवताना खरखर येत असेल तर आत धूळ बसलेली असते. स्पीकर बंद करून खटका या टोकापासून त्या टोकापर्यंत बरेचदा फिरवा, नाहीच गेलं तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. पाणी किंवा तेल अजिबात नको.

जुना_खेळाडू
आणि अजून एक. स्पीकरच्या शेजारी मोबाइल ठेवू नका. जुन्या टूजी सिग्नलवर फोन सेकंदाला २१७ वेळा झटके देऊन पाठवतो, ते झटके स्पीकरच्या वायरीत उतरतात आणि कॉल यायच्या आधी तो ओळखीचा 'टिटिट् टिटिट्' येतो. नव्या नेटवर्कवर हे फारसं होत नाही, पण सिग्नल कमी असला की फोन जुन्या नेटवर्कवर उतरतो.

रात्रपाळी
हो हो! ते ऐकू आलं की फोन वाजायच्या आधीच मी हॅलो म्हणायला तयार.

अवखळ
माझ्या लॅपटॉपचं पण सांगा ना कोणीतरी. ब्लूटूथ हेडफोन आहेत. गाणी छान चालतात पण कॉल लागला की आवाज एकदम डब्यात घालून आल्यासारखा. कॉल ठेवला की परत छान.

शून्य_एक
@अवखळ, तुझा हेडफोन बिघडलेला नाही. ब्लूटूथचे दोन वेगळे प्रकार आहेत. गाण्यांसाठी एटूडीपी, त्यात स्टिरिओ चांगला आवाज येतो पण माइक नाही. माइक लागला की तो हँड्सफ्रीवर उतरतो, तिथे आवाज एकाच चॅनेलचा आणि ८ किंवा १६ किलोहर्ट्झचा, म्हणजे टेलिफोनसारखा. उपाय म्हणजे कॉलच्या प्रोग्राममध्ये माइक म्हणून लॅपटॉपचाच माइक निवड, हेडफोनचा नको. मग हेडफोन गाण्याच्याच प्रकारात राहतो.

मंद्रसप्तक
@अवखळ, आणि ब्लूटूथ अधूनमधून तुटत असेल तर शेजारी यूएसबी ३ ची हार्ड डिस्क लावली आहे का बघ. यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पसरतो आणि ब्लूटूथही तिथेच बोलतं. इंटेलनेच २०१२ मध्ये यावर माहितीपत्र काढलं होतं. बाहेरचा ब्लूटूथचा डोंगल असेल तर छोट्या एक्सटेन्शन वायरीने तो डिस्कपासून दूर ने, तेवढ्यानेही फरक पडतो.

अवखळ
डिस्क लावलेलीच असते! बघतो. माइक बदलून बघितला, कॉलमध्ये आवाज एकदम स्वच्छ. धन्यवाद दोघांना.

पाऊलवाट
परत आले. वही भरत आली आहे, आणि त्यातून जे निघालं ते मला स्वतःला कधीच सुचलं नसतं.
करकर नेहमी फोटोंचा बॅकअप चालू असताना होते. घरातल्या फोनचे फोटो या कॉम्प्युटरवर येतात आणि तिथून ऑनलाइन बॅकअपला जातात, तो बॅकअप त्याला वाटेल तेव्हा सुरू होतो म्हणून करकरही वाटेल तेव्हा. वायफाय बंद केलं की त्याच क्षणी थांबते. लेटन्सीमॉनमध्येही नेटवर्कचंच नाव सगळ्यात वर.
पण गायब होण्याची नोंद वाचून मी चक्रावलेय. बाबा एकटे असताना आवाज जवळजवळ कधीच जात नाही. आमच्यापैकी कोणी त्यांना मदत करायला जाऊन बसलं की थोड्याच वेळात जातो. बाबा म्हणाले, तुम्ही आलात की तो रुसतो.

निमिष
हे भारीच आहे. बाबा एकटे असताना मॉनिटर बंद असतो का?

पाऊलवाट
हो! त्यांना काय उपयोग, बंदच असतो. आम्ही बसलो की चालू करतो.

निमिष
मॉनिटर एचडीएमआयने जोडलाय का? मग सापडलं बहुतेक. एचडीएमआयच्या केबलमधून चित्राबरोबर आवाजही जातो, त्यामुळे विंडोजच्या दृष्टीने तो मॉनिटर हे सुद्धा एक साउंड डिव्हाइस आहे. मॉनिटर बंद असला की ते यादीतून जातं. तुम्ही चालू केला की विंडोजला वाटतं नवीन साउंड डिव्हाइस आलं आणि आवाज तिकडे वळतो. त्या मॉनिटरला स्पीकर नसतील तर आवाज व्यवस्थित वाजतोय, फक्त ऐकणारी वस्तूच नाही. रीस्टार्टने येतो कारण तोवर तुम्ही मॉनिटर बंद करून उठलेल्या असता किंवा विंडोज पुन्हा नव्याने निवड करतं.
टेक्निशियन आला तेव्हा मॉनिटर आधीपासून चालू असणार आणि त्याने बसून आउटपुट हिरव्या जॅकवर आणलं असणार, म्हणून त्याच्यासमोर सगळं ठीक.

हिरवी_वही
निमिष यांनी माझं अर्धवट राहिलेलं पूर्ण केलं. आउटपुट डिफॉल्टवर सोडू नका म्हणालो ते यासाठीच. आमच्यापैकी बरेच जण मॉनिटर बंदच ठेवतात, त्यामुळे ही तक्रार आमच्यात फार आहे आणि ती नेमकी मदतीला कोणी आल्यावरच होते म्हणून कोणाला पटत नाही.
पक्का उपाय: साउंड पॅनेलमध्ये प्लेबॅकच्या यादीत मॉनिटरच्या नावावर जाऊन 'डिसेबल' करा. मॉनिटर चालू असतानाच करा, नाहीतर यादीत दिसणार नाही. ग्राफिक्सचा ड्रायव्हर अपडेट झाला की ते कधी कधी परत चालू होतं, तेवढं लक्षात ठेवा.

सुतारपक्षी
वा निमिष. मी असतो तर सॉकेट बदललं असतं.

टिंबटिंब
वहीचा फायदा हाच. 'घरात कोण काय करत होतं' हा रकाना लोक सगळ्यात आधी गाळतात.

कोरा_कागद
करकरीचं काय करणार मग? बॅकअप रात्री लावा.

मंद्रसप्तक
रात्री लावणं हा तात्पुरता इलाज. जमत असेल तर राउटरपासून साधी लॅनची वायर ओढा आणि वायफाय बंद ठेवा, डेस्कटॉप कुठे हलतोय. वायर शक्य नसेल तर वायफाय कार्डाचा ड्रायव्हर कार्ड बनवणाऱ्याच्या साइटवरून नवीन घ्या, आणि नवीनच त्रास देत असेल तर एक आवृत्ती मागे जा. साउंडच्या प्रॉपर्टीजमधले एन्हान्समेंट (आवाजावर प्रक्रिया करणारे पर्याय) बंद करा, तेवढंच एक मधलं काम कमी.

शून्य_एक
लिनक्सवाले कोणी वाचत असतील तर त्यांच्यासाठी. सुरुवात गिळली जाण्याचं कारण तिथेही तेच, एचडी ऑडिओच्या ड्रायव्हरला पॉवर सेव्हचा पर्याय आहे, तो शून्य केला की चिप झोपत नाही. ऑर्का स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांनी हे आधी करून बघावं.

रात्रपाळी
मला एक भीती वाटते. समजा तरीही आवाज गेला आणि बाबा घरी एकटेच आहेत. मग? त्यांनी करायचं काय?

हिरवी_वही
फार मोलाचा प्रश्न विचारलात. प्रत्येक स्क्रीन रीडरवाल्याकडे आवाजाशिवाय करता येईल असा एक उपाय तयार पाहिजे.
पहिली पायरी, कंट्रोल ऑल्ट एन. एनव्हीडीए अडकला असेल तर तो नव्याने सुरू होतो. दुसरी, कंट्रोल विंडोज एंटर. याने विंडोजचा स्वतःचा नॅरेटर बोलायला लागतो. नॅरेटर बोलला तर आवाज शाबूत आहे, दोष एनव्हीडीएत. नॅरेटरही गप्प असेल तर आवाजच गेलाय.
त्यासाठी तिसरी. विंडोजची ऑडिओ सर्व्हिस (आवाज सांभाळणारा, मागे चालणारा प्रोग्राम) बंद करून चालू करणारी एक छोटी बॅच फाइल, म्हणजे आज्ञा ओळीने लिहिलेली फाइल, बनवून घ्या. 'विंडोज ऑडिओ एंडपॉइंट बिल्डर' रीस्टार्ट केली की 'विंडोज ऑडिओ' तिच्यावर अवलंबून असल्यामुळे तीही बंद होते, तेव्हा फाइलमध्ये शेवटी दोन्ही चालू करायच्या. याला अ‍ॅडमिनचा हक्क लागतो आणि परवानगीची खिडकी उघडते, ती आवाज नसताना कळत नाही. म्हणून ती फाइल विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये (ठरवून दिलेली कामं चालवणारा प्रोग्राम) 'हायेस्ट प्रिव्हिलेजेस' वर टिक करून टाकायची आणि ते टास्क चालवणारा शॉर्टकट डेस्कटॉपवर ठेवून त्याला एखादी की द्यायची. मग बाबा तीन कीज एकदम दाबतील, जरा थांबतील, कंट्रोल ऑल्ट एन करतील. नव्वद टक्के वेळा एवढ्यावर भागतं असा माझा अनुभव.
आणि चौथी, एक साधं यूएसबी साउंड कार्ड ड्रॉवरमध्ये ठेवा, हेडफोन त्यातच खुपसलेला. काहीच चाललं नाही तर ते लावायचं, विंडोज त्याला सहसा आपणहून उचलतं. मात्र एनव्हीडीएत स्पीकरचं नाव पक्कं केलेलं असेल तर त्याचा आवाज आपोआप तिकडे वळेलच असं नाही, नॅरेटर मात्र बोलेल आणि पुढचं त्याच्या साहाय्याने करता येतं. हे एकदा सगळं ठीक असताना बाबांकडून करून घ्या. अडचणीच्या वेळी पहिल्यांदा करायला लावू नका.

जुना_खेळाडू
हा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे. पाऊलवाट, मागचे जॅकही हाताला ओळखू येतील असे करा. हिरवा स्पीकरचा, गुलाबी माइकचा, निळा लाइन इनचा हे रंग डोळ्यांसाठी आहेत. हिरव्याच्या वर कापडी टेपचा छोटा तुकडा चिकटवला की बाबा स्वतः पिन लावू शकतील.

पाऊलवाट
सगळं केलं आणि मग थोडे दिवस थांबूनच लिहितेय.
मॉनिटरचं साउंड डिसेबल केलं, तेव्हापासून आवाज गेलेला नाही, आम्ही शेजारी बसलो तरी. लॅनची वायर ओढली, बॅकअप चालू असतानाही करकर नाही. टेपही लावली. शॉर्टकटची सवय बाबांनी स्वतः मागून करून घेतली, मी मुद्दाम एनव्हीडीए बंद करायची आणि ते परत आणायचे.
डिव्हाइस जागं ठेवायचा आकडा वाढवला, सुरुवात आता पूर्ण ऐकू येते. पण एक नवीन गोष्ट झाली आहे. बाबा म्हणतात दोन वाक्यांच्या मधे आता स्पीकरमधून बारीक 'स्स्स' येत राहतं, आधी तिथे शांतता असायची. हे नॉर्मल आहे का?

मंद्रसप्तक
नॉर्मल आहे. आधी चिप झोपायची तेव्हा तिचा स्वतःचा गोंगाटही बंद व्हायचा. आता ती जागी आहे म्हणून तो ऐकू येतोय.
स्पीकरचा खटका बहुतेक बराच वर असणार आणि कॉम्प्युटरमधला व्हॉल्यूम खाली. उलटं करा. विंडोजचा व्हॉल्यूम ८०-९० वर न्या, एनव्हीडीएचाही बऱ्यापैकी वर, आणि स्पीकरचा खटका खाली आणत बाबांना हवा तेवढा आवाज ठेवा. चिपचा गोंगाट आहे तेवढाच राहतो, पण स्पीकर त्याला कमी मोठा करतो. एकच काळजी घ्या, विंडोजचा व्हॉल्यूम वाढवण्याआधी खटका खाली आणा, नाहीतर पहिलंच वाक्य कानात ओरडेल.

पाऊलवाट
केलं. बाबा म्हणाले आता रात्रीसुद्धा चालेल. खटका कुठपर्यंत न्यायचा ते त्यांना बोटाला कळावं म्हणून तिथेही टेप लावली आहे.